भिंतीवरचे पाच शब्द

आमच्या हॉस्पिटलातल्या पुरुषांच्या संडासात, डाव्या भिंतीवर, कुणीतरी खिळ्यानं पाच शब्द कोरले होते. बादली, खिडकी, लिंबू, घोडा, सुतळी. नव्या माणसाला वाटायचं, कुणीतरी बाजाराची यादी केली आणि घोडा चुकून आत घुसला. पण आमच्या प्रशिक्षण केंद्रातल्या जवानांना हे शब्द आईच्या नावाइतके पाठ होते. ज्याच्या डोक्याला मार लागलाय त्याला तपासणीच्या खोलीत बसवून पाच शब्द ऐकवतात, मधे दुसरंतिसरं काही करायला लावतात आणि पाच मिनिटांनी विचारतात, मघाचे शब्द कोणते? आले तर ठीक. नाही आले तर बंदूक जमा, मैदान बंद, बराकीत पडून पंख्याची पाती मोजायची. म्हणून कुण्या परोपकारी जवानानं मागून येणाऱ्यांची सोय करून ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वी रंगारी आले. सगळं हॉस्पिटल पांढरं झालं, ती भिंत तेवढी राहिली. मी रंगाऱ्याला झापायला गेलो तर तो माझ्यावरच उखडला. "मला काय बोलता? तुमच्या सिस्टरनीच सांगितलंय, ही भिंत सोडायची." मी सिस्टरकडे गेलो. त्या नखं कापत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "उंदराचं बीळ सापडलं की बुजवायचं नसतं. तिथंच पिंजरा लावायचा."

त्यांचा पिंजरा असा होता. आमच्याकडे शब्दांच्या सहा याद्या होत्या आणि भिंतीवर होती ती यादी एक. त्या दिवसापासून सिस्टरनी यादी एक कुणालाही वाचून दाखवली नाही. दोन ते सहा, एवढ्याच वापरायच्या. ज्याचं डोकं ठिकाणावर असेल तो ऐकलेले शब्द सांगे. ज्याचं गरगरत असेल तो पाच मिनिटांनी चाचपडायला लागे, आणि चाचपडणाऱ्याच्या हाताला जे पाठ आहे तेच आधी लागतं. "बादली" असा शब्द ऐकू आला की सिस्टर पेन खाली ठेवत आणि अगदी मायेनं म्हणत, "बस बाळा. आता खरं सांग, उलटी किती वेळा झाली?"

सगळं केंद्र त्यांना मागून पुन्हाबाई म्हणायचं. बुटक्या, रुंद, चष्मा दोरीनं गळ्यात, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि तेही आतल्या बाजूला. बावीस वर्षं त्यांनी त्या एका खोलीत काढली. खोलीत दोन टेबलं, तीन लोखंडी खुर्च्या, एक लोखंडी कपाट, तोल बघण्यासाठी निळा स्पंजचा चौकोन आणि एक स्टॉपवॉच. बाकी सगळी यंत्रसामग्री म्हणजे त्या स्वतः.

"डोकं दुखतंय?"

"नाही सिस्टर."

"पुन्हा सांग."

एवढंच. आवाज चढवणं नाही, धमकी नाही. त्यांचं म्हणणं असं की पहिलं उत्तर माणूस साहेबासाठी तयार करून आणतो, दुसरं त्याच्याकडे तयार नसतं. दुसऱ्या "नाही"ला जरासा वेळ लागला, घसा खाकरला, नजर खिडकीकडे गेली, की त्या वहीत काहीतरी टिपत. मेजर डॉक्टर मशीनवर काढलेले फोटो नंतर बघत, आधी पुन्हाबाईंची वही बघत.

मी त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा चाळिशी ओलांडली होती. त्याआधी चौदा वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत होतो, म्हणून त्या मला शेवटपर्यंत ड्रेसर म्हणाल्या. मला ती बदली अजिबात आवडली नव्हती. जखमेचं काम सरळ असतं. जखम दिसते, पू दिसतो, खोटं बोलायला जागा नाही. इथं सहा फुटी धडधाकट गडी समोर बसायचे, सगळे म्हणायचे मला काही झालं नाही, आणि आपण त्यातला खोटारडा शोधायचा. पहिले तीन महिने तर बाईंनी माझ्यावरच पाळत ठेवली. मी केलेली प्रत्येक नोंद त्या परत करून बघायच्या. एकदा मी चिडून म्हणालो, "सिस्टर, माझ्यावर एवढा अविश्वास?" त्यावर म्हणाल्या, "तुझ्यावर कशाला? मी तर माझ्या घड्याळावर पण ठेवत नाही." आणि भिंतीवरच्या घड्याळाशी मनगटावरचं ताडून बघितलं.

पण शिकवलं त्यांनीच, हे नाकबूल करून मी कुठे जाऊ? कागदाआधी माणूस बघायचा, दारापासून खुर्चीपर्यंत कसा येतो ते. बुटाच्या नाड्या बघायच्या, दोन्हीच्या गाठी सारख्या आहेत का. डोळे उजेडाला मिचकावतात का. शिकाऊ जवान आले की डोक्याला मार असो नसो, आधी सगळ्यांची चाचणी करून आकडे ठेवायचे, म्हणजे पुढे मार लागला तर ताडून बघता येतं. त्यात काही अतिशहाणे मुद्दाम ढ बनायचे, म्हणजे पुढे आकडा पडलेला दिसायला नको. एका पठ्ठ्याला महिने उलटे म्हणता येईनात. सिस्टर म्हणाल्या, "घरी जायला किती दिवस राहिले?" "त्रेचाळीस, सिस्टर," हा फाडकन बोलला. "उलटे मोजता येतात की रे तुला. चल, डिसेंबरपासून." त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो.

घरी पण तोच खाक्या. त्यांचे यजमान सैन्यातच ट्रक चालवून निवृत्त झाले होते. मी त्यांना भाऊजी म्हणायचो. भाऊजींना रक्तदाबाची गोळी असायची आणि ती विसरण्यात त्यांचा हातखंडा होता. दुपारी एक वाजता सिस्टर ऑफिसातून फोन करायच्या. "गोळी घेतली? पुन्हा सांगा. बरं, आता रिकामं पाकीट हातात घ्या आणि किती भोकं आहेत ते मोजा." भाऊजी मला म्हणायचे, "बाबा रे, तुम्ही आठ तास सोसता, मी उरलेले सोळा."

निवृत्तीला तीन महिने राहिले होते तेव्हाची ही गोष्ट.

आमच्याकडे एक उस्ताद होता. बंद दार स्फोटकं लावून उडवायचं आणि धूर विरायच्या आत आत घुसायचं, हे तो शिकवायचा. अकरा वर्षं दारं उडवत होता. सोळा दिवसांपूर्वी एका दाराच्या चौकटीचा तुकडा उडून त्याच्या शिरस्त्राणावर बसला होता. दोन मिनिटं तो कुठे आहे तेच त्याला कळत नव्हतं. मग "काही नाही, काही नाही" म्हणत उठला आणि कुणीतरी शहाण्यानं त्याला आमच्याकडे आणला. त्यापुढे आमचा शिरस्ता ठरलेला. आधी नुसता आराम, मग चालणं, मग हळू धावणं, मग ओझं घेऊन धावणं, मग स्फोटकांशिवाय सराव, आणि शेवटी पूर्ण काम. एकेक दिवस बिनतक्रार गेला तर वरच्या घरात, डोकं दुखलं तर एक घर मागे. सापशिडीसारखं, फक्त यात साप भरपूर आणि शिडी एकही नाही. कारणही तसंच आहे. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर माणूस आयुष्यातून उठतो, कधी जगातूनच उठतो.

उस्ताद दोनदा मागे आला होता आणि आता शेवटच्या घरात उभा होता. गुरुवारी त्याची शेवटची तपासणी होती. नेमके त्याच दिवशी बाहेरून मोठे पाहुणे येणार होते आणि दुपारी चारला त्यांच्यासमोर उस्तादनं तीन दारं उडवून दाखवायची होती. कमांडंट साहेबांच्या ऑफिसातून आदल्या शनिवारी फोन आला, उस्ताद फिट होईल ना? सिस्टरनी सांगितलं, "ते त्याचं डोकं ठरवेल. तुमच्या फोननं डोकी बरी होत असती तर मी इथं बसले नसते." बुधवारी पुन्हा फोन आला. या वेळी त्या फक्त म्हणाल्या, "बरं, बघते." माझे कान टवकारले. पुन्हाबाई आणि "बरं, बघते"?

गुरुवारी साडेअकराला उस्ताद आला. मी माझ्या टेबलावर नोंदी उतरवत होतो. सवयीनं दाराकडे बघितलं. उस्तादनं आत येताना चौकटीला हात लावला. धरला नाही, नुसता लावला. मी सिस्टरकडे बघितलं, तर त्या खणात काहीतरी शोधत होत्या. त्यांनी यादी चार वाचली. चमचा, डोंगर, कागद, होडी, कुलूप. उस्तादनं ती लगेच म्हणून दाखवली. मग ऐकवलेले आकडे उलट्या क्रमानं, महिने उलटे, मग डोळे मिटून निळ्या स्पंजावर उभं राहणं. तो हलला. थोडा हलला, पण हलला. सिस्टरच्या हातात स्टॉपवॉच होतं आणि नजर कुठे होती कोण जाणे.

पाच मिनिटं झाली. "मघाचे शब्द?"

उस्ताद थांबला. कपाळाला आठी पडली. मग म्हणाला, "बादली... खिडकी... लिंबू..."

मी पेन खाली ठेवलं. आता "बस बाळा" येणार म्हणून मी खुर्ची वळवून बसलो, कारण एवढ्या मोठ्या उस्तादला पिंजऱ्यात सापडलेला बघायची मला हौस होती. ऐकू आली ती पेनची खूण. एक, दोन, तीन.

"घोडा, सुतळी."

"डोकं दुखतं?"

"नाही सिस्टर."

"छान," पुन्हाबाई म्हणाल्या आणि फिट असल्याच्या चिठ्ठीवर सही करून त्यांनी ती उस्तादच्या हातात दिली.

उस्ताद गेला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की म्हातारी विकली गेली. पैशानं नाही, त्या बाबतीत ती सोन्याची बाई. पण तीन महिने राहिलेत, निरोप समारंभाला कमांडंट साहेबांनी चार गोड शब्द बोलावेत, नवऱ्याच्या क्वार्टरचं काही असेल, माणसाला काय हवं असतं ते दुसऱ्याला थोडंच कळतं? चार वर्षं मला धडे दिले की कुणावर विश्वास ठेवू नकोस, आणि मी मूर्ख, शिकवणारणीला तेवढं वगळून बसलो होतो. मला भयंकर राग आला. जेवणाची सुट्टी संपल्यावर त्या हात धुवायला गेल्या तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचा कागद बघितला. यादी चारला गोल केलेला. समोर पाच बरोबरच्या खुणा. कानांनी दगा दिला नव्हता.

मेजर डॉक्टर रुग्णवाहिका घेऊन सकाळपासून मैदानावर होते. विचारायला वरचं कुणी नव्हतं. सिस्टर परत आल्या तसं मी वाकड्यात शिरलो.

"उस्तादचे शब्द आले वाटतं सगळे?"

"आले की. पाचही."

"कोणते म्हणाला?"

"बादली, खिडकी, लिंबू, घोडा, सुतळी," त्या शांतपणे म्हणाल्या.

"आणि तुम्ही वाचली कुठली यादी?"

"चार."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. लपवणाऱ्याचा चेहरा कसा असतो ते मला त्यांनीच चार वर्षं दाखवलं होतं. भुवई कुठे हलते, गिळताना घसा कसा दिसतो, हात कुठे जातात. त्यातलं काहीही नव्हतं. त्या चेहऱ्यावर काही लपवलेलं नव्हतंच. त्यांनी दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली होती आणि त्या दोघांचं भांडण त्यांना ऐकू येत नव्हतं.

माझा राग जागच्या जागी थिजला आणि त्याच्या जागी भीती आली.

मग मी तेच केलं जे त्यांनी शिकवलं होतं. कागद सोडला आणि माणूस बघितला. खिडकीची झडप बंद होती. भर दुपारी. कालही बंद होती, परवाही. मी समजलो ऊन येतं म्हणून. टेबलावरच्या चहावर साय धरली होती, शेजारी सकाळचा दुसरा कप तसाच. मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्यापेक्षा सात मिनिटं मागे होतं. सातच मिनिटं, पण ज्या बाई रोज सकाळी ताडून बघायच्या त्यांचं. आणि उजव्या पायातल्या बुटाची नाडी नुसती आत खोचलेली.

आणि मग सोमवार आठवला. सोमवारी सकाळी त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातून निळा स्पंज काढायला वाकल्या होत्या. वरच्या कप्प्याचं दार उघडं होतं, मीच उघडं टाकलेलं. त्या उठल्या आणि डोकं दाराच्या कोपऱ्यावर आपटलं. ठण्ण असा आवाज झाला, घंटेसारखा. मी हसलो. खरंच हसलो. वर म्हणालो, "सिस्टर, शाळा सुटली." त्या डोकं धरून दोन मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "काही नाही. लागलं नाही मला."

आणि मी ते खरं मानलं. चार वर्षांत रोज जे वाक्य खरं मानायचं नाही असं ऐकलं, ते वाक्य, त्याच खोलीत, तिथंच उभा राहून मी खरं मानलं. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. विकली गेली म्हणे म्हातारी!

तरी एकदा खात्री करावी म्हणून मी बाहेर जाऊन भाऊजींना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "गोळ्यांचं कसं चाललंय?"

भाऊजी भलतेच खुशीत होते. "अरे, चमत्कार झालाय. सोमवारपासून ती पाकीट मोजायला लावत नाही. गोळी घेतली का विचारते, मी हो म्हणतो, ती बरं म्हणते. पस्तीस वर्षांनी माझ्यावर विश्वास बसला बघ बाईचा."

"घेतली का पण?"

"काल राहिली," भाऊजी हळूच म्हणाले. "सांगू नकोस तिला."

घड्याळात अडीच वाजले होते. चारला दारं उडणार होती. मी खोलीत येऊन दाराला कडी लावली आणि तपासणीची खुर्ची ओढून सिस्टरच्या समोर ठेवली.

"सिस्टर, इथं बसा."

"का रे?"

"तुमची चाचणी करायचीय."

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर कडी काढून पळाला असता. "माझी? ड्रेसर, मलम लावता लावता डोक्यात शिरलं का काय तुझ्या?"

"सोमवारी कपाट लागलं तुम्हाला."

"काही नाही झालं मला."

"पुन्हा सांगा," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग मला खजील करण्यासाठी त्यांनी यादी एकपासून सुरुवात केली. यादी दोन, यादी तीन, सगळ्या सहा याद्या, तीस शब्द, मधे श्वास न घेता घडाघडा म्हणून दाखवल्या. महिने उलटे म्हणाल्या, तेही माझ्या वेगाच्या दुप्पट. "झालं समाधान? का उभी राहू त्या स्पंजावर?"

मी क्षणभर फसलोच होतो. पण बावीस वर्षं घोकलेलं कुणालाही येईल. या बाईला जगातली कुठलीही छापील यादी पकडू शकणार नव्हती.

"या झाल्या तुमच्या," मी म्हणालो. "आता माझी ऐका. मलम, पायरी, गाढव, पडदा, तवा."

"गाढव तू," त्या म्हणाल्या, पण लगेच म्हणूनही दाखवली. पाचही. मी तीनदा म्हणवून घेतली. आकडे उलटे विचारले, चार आकडे आले, पाच दिले तिथं अडखळल्या. "उकडतंय इथं," म्हणाल्या. मी पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. आयुष्यात एवढी लांब पाच मिनिटं मी काढली नाहीत, बायकोच्या बाळंतपणातसुद्धा.

"सिस्टर, मघाचे शब्द?"

"मलम," त्या लगेच म्हणाल्या. "पायरी." मग थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओठ हलले. मी मनातल्या मनात गाढव, गाढव म्हणत होतो, जणू त्यांना ऐकू जाईल. कपाळाला आठी पडली, अगदी उस्तादला पडली होती तशीच.

"बादली," त्या म्हणाल्या.

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्यांनी तो ऐकला. तो शब्द त्यांच्याइतका कुणाला ओळखीचा होता? त्या खुर्चीत त्यांच्यासमोर किती जण त्या शब्दाशी येऊन थांबले होते. त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ त्या स्वतःच्या बुटांकडे बघत होत्या, मग खोचलेल्या नाडीकडे.

"उस्तादनं काय सांगितलं होतं रे सकाळी?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान.

"बादली."

"आणि मी?"

"छान म्हणालात."

त्या उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला नाही. टेबलाशी जाऊन मैदानावरच्या चौकीला फोन लावला. खोली इतकी शांत होती की पलीकडचा माणूस मलाही ऐकू येत होता.

"उस्तादला दारापासून लांब करा. तो फिट नाही."

"काय सिस्टर, चेष्टा करता? पाहुणे येऊन बसलेत. चिठ्ठी आहे त्याच्याकडे. तुमचीच सही आहे."

"माझीच आहे."

"मग? तुम्ही सही केली की मेजर साहेबसुद्धा काही विचारत नाहीत. आता कुणाच्या शब्दावर थांबवू?"

बाईंनी डोळे मिटले. बावीस वर्षांत त्यांच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तेवढीच त्यांची कमाई होती, आणि नोकरीचे तीनच महिने राहिले होते.

"माझी सही खरी धरू नका," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्याला मार लागलाय. सोमवारपासून. मी लपवला. या आठवड्यातली माझी एकही सही खरी धरू नका. मेजर साहेबांना द्या फोन, मी पुन्हा सांगते."

त्यांनी मेजर साहेबांना पुन्हा सांगितलं. मग खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "वही घे. सोमवार ते गुरुवार मी तपासलेले सगळे परत बोलाव. नऊ आहेत. का दहा? तूच बघ, मला विचारू नकोस." मला रडू आवरेना, म्हणून मी वही तोंडासमोर धरली.

तीन दारं त्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी उडवली. उस्तादला जीपमधून आमच्याकडे आणला तेव्हा तो तणतणत होता. अकरा वर्षं, पाहुण्यांसमोर शोभा, बघून घेतो, वगैरे. खोलीत आला आणि तपासणीच्या खुर्चीत सिस्टरना बसलेलं बघून गप्प झाला. मेजर डॉक्टर त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारत होते आणि त्या उजेडानं बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उस्ताद दारातच थांबला. मग चौकट धरून, या वेळी चांगली घट्ट धरून, म्हणाला, "सिस्टर, माझं पण दुखतंय. थांबलंच नाहीये मुळी."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "बस बाळा."

त्यानंतर दोघांच्या वह्या माझ्याकडे आल्या. आराम, चालणं, थोडं काम. उस्ताद दर दोन दिवसांनी यायचा आणि आता खरं बोलायचा, त्यामुळे त्याची प्रगती सरळ झाली. सिस्टर घरी पडून असायच्या. मी संध्याकाळी जायचो. त्यांचं मात्र मला भय वाटायचं. आकडे सुधारत होते, रोज नवे पाच शब्द मी माझ्या डोक्यातून काढायचो, आधी तीन आले, मग चार. पण बाई गोड झाल्या होत्या. कुणी काही सांगितलं की "हो का? बरं" म्हणायच्या. शेजारीण म्हणाली, आजारपणानं किती निवळल्या. भाऊजींना पण आता ते आवडेनासं झालं होतं. ते स्वतःच रिकामं पाकीट घेऊन त्यांच्यासमोर जायचे, "मोज की गं," म्हणायचे, आणि त्या "घेतली असेलच तुम्ही" म्हणून कूस बदलायच्या. भाऊजी स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायचे.

चोविसाव्या दिवशी मी गेलो. खिडकीचा पडदा अर्धा उघडा होता. पाचही शब्द आले. आकडे उलटे, सहा आकड्यांपर्यंत. मी शेवटचं विचारलं.

"डोकं दुखतं?"

"नाही."

मी खूष होऊन वहीत लिहिलं, डोकेदुखी नाही. वही मिटली. आता पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस कामावर, असं भाऊजींना सांगायला उठलो.

"ड्रेसर."

मी वळलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, चष्मा नाकावर आणला होता आणि त्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

"मी नाही म्हटलं आणि तू लिहून मोकळा झालास? चार वर्षं हेच शिकवलं का तुला?" मग दाराकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, ते गोळ्यांचं पाकीट घेऊन या इकडे. आणि या चोवीस दिवसांतली सगळी घेऊन या."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. भाऊजी हसत होते की रडत होते ते मला कळलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं. मी परत खुर्चीत बसलो, वही उघडली, लिहिलेलं खोडलं.

"सिस्टर, डोकं दुखतं? पुन्हा सांगा."

त्यांना थोडा वेळ लागला.

"संध्याकाळी दुखतं," त्या म्हणाल्या. "लिही. आणि मला आणखी एक आठवडा कामावर घेऊ नकोस."